चाळीस पेट्या जाऊन आल्या

ज्या देशात मी पाच दिवस राहून आले त्याचं नाव इथे येणार नाही. तसं लिहून दिलं आहे. कंपनीचं नाव येणार नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. प्रवासवर्णनात देशाचंच नाव नसणं म्हणजे लग्नपत्रिकेत वराचं नाव नसल्यासारखं आहे, हे मला कळतं. पण इलाज नाही. एवढं सांगते की देश डोंगराळ आहे, तिथल्या पन्नाशीपुढच्या लोकांना रशियन येतं, आणि दिल्लीहून निघालं की वाटेत एकदाच विमान बदलावं लागतं. बघण्यासारखा आहे. सध्या जाऊ नका.

मीही बघायला गेले नव्हते. हळदीकुंकवाची एक भानगड निस्तरायला गेले होते.

शिवणे, निघण्यापूर्वी

वारज्याच्या पुढे शिवण्याला आमचा कारखाना आहे. तिथे तोफगोळ्यांचे फ्यूज बनतात. फ्यूज म्हणजे गोळ्याच्या नाकावर बसणारा, मुठीत मावेल एवढा भाग. गोळा कधी फुटायचा हे तो ठरवतो. तो नसेल तर गोळा म्हणजे तेवढ्या वजनाचं नुसतं लोखंड. मी तिथे तपासणी विभागाची प्रमुख आहे. माझ्या सहीशिवाय पेटी दाराबाहेर जात नाही.

आजवर आमचा माल देशातच जायचा. ह्या वर्षी पहिल्यांदा परदेशची मागणी मिळाली, पण परवानगी मिळायला दीड वर्ष लागलं. दिल्लीत एका खात्याची हरकत नव्हती तर दुसऱ्याची होती. दुसऱ्याची मिटली तेव्हा पहिल्याची सुरू झाली. आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी कामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून पत्रं दिली. विरोधातल्या पुढाऱ्यांनी, शांततेची भाषणं देणाऱ्या देशाने दारूगोळा विकू नये म्हणून पत्रं दिली. दोन्हीकडचे पुढारी आमच्या नव्या शेडच्या उद्घाटनाला शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांनीही पेढे घेतले होते.

शेवटी परवानगी आली. चाळीस पेट्या भरून तपासून झाल्या, आणि जुळणी विभागातली रंजना नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. रंजना यवतमाळकडची. तिच्या हाताखालच्या बायकाही बहुतेक तिकडच्याच. वारज्यात, उत्तमनगरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. मी तिला सांगितलं की तपासलेल्या पेटीला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे.

ती म्हणाली, "नियम तर आहेच जी मॅडम. पण पोरगी सासरी चालली तर कोणी कोरड्या कपाळानं धाडते का? पयले तुमीच लावा."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. बाकीच्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मला असल्या गोष्टींचं सोयरसुतक नाही, पण त्या क्षणी मी नाही म्हटलं असतं तर विधवा म्हणून नाही म्हणते असंच सगळ्यांना वाटलं असतं, आणि रंजना महिनाभर माझ्यासमोर आली नसती. नियम मोडण्यापेक्षा ते मला जड वाटलं. मी पहिल्या पेटीचं झाकण काढायला लावलं आणि आतल्या फळीवर हळदीकुंकू वाहिलं. मग बाकीच्या एकोणचाळीस पेट्यांना कोण अडवणार? बायकांचे हात सैल होते. वर अक्षताही पडल्या. झाकणं बसली, सील लागलं.

पेट्या विमानाने गेल्या आणि गुरुवारी तिकडे उतरल्या. त्याच संध्याकाळी ताब्याच्या कागदांवर सह्या होऊन माल त्यांचा व्हायचा होता. शुक्रवारी सकाळी आमचे मालक काळेसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते कधी टेबलापाशी येत नाहीत, बोलावून घेतात. पेट्यांच्या फटींतून पिवळी पूड गळते आहे, असा तिकडून निरोप आला होता. दारूगोळ्याच्या धंद्यात पिवळी पूड गळणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जुनी स्फोटकं गळतात तेव्हा नेमकी तशीच दिसतात. त्यांनी गोदाम रिकामं करून भोवती दोर बांधला होता.

"मंगलताई, ही हळद आहे ना?" काळेसाहेबांनी विचारलं.

"हळद आहे. पहिली चिमूट माझी आहे."

"मग तुम्हीच जा."

तिकडे रशियन चालतं, हेही एक कारण होतं. आमच्या जुन्या यंत्रांची माहितीपत्रकं रशियनमध्ये होती, त्यापायी तरुणपणी मी संध्याकाळचे वर्ग केले होते. व्याकरण विसरले आहे, पण वस्तूंची नावं येतात. रविवारी कर्वेनगरच्या घरून निघताना बॅगेत स्वेटर, हळदीच्या कारखान्याचं प्रमाणपत्र आणि स्टीलच्या डब्यात बाकरवडी घेतली. डबा लग्नातला. झाकणावर 'सौ. मंगल' असं कोरलेलं आहे. कोरलेलं पुसता येत नाही आणि डबा चांगला आहे.

विमानतळ, सोमवार आणि मंगळवार

उतरल्यावर पहिली दिसली ती बर्फाची एक टेकडी. टेकडी म्हणतेय ती सवयीने. तो डोंगर सिंहगडासारखे चार एकावर एक ठेवले तरी पुरा झाला नसता. शहरात कुठेही उभं राहा, रस्त्याच्या टोकाला तो दिसतोच. लोक त्याच्याकडे थांबून बघत नाहीत. घड्याळाकडे पाहावं तसं मधूनच बघतात आणि पुन्हा कामाला लागतात.

आपल्या वकिलातीतले माथूर न्यायला आले होते. सभ्य, बारीक, सतत थकलेले. त्यांनी गाडीतच बजावलं की काम लवकर उरका. मी विचारलं, घाई का? ते म्हणाले, दिल्लीत वारं बदलतंय.

दुसऱ्या दिवशी गोदामात नेलं. ते लष्कराचं गोदाम, धावपट्टीच्या टोकाला. तिथे एक चष्मेवाले कर्नल होते आणि गोदामाची प्रमुख होती नोरा. माझ्याच वयाची, ठेंगणी, वर गणवेशाचं जाकीट आणि पायात घरातल्या लोकरी सपाता. थंडीत सिमेंटवर दिवसभर उभं राहायचं तर तेच बरोबर आहे. पहिल्याच नजरेत मला बाई पटली.

पेट्या दोराच्या आत होत्या. आमच्या मापकांची, म्हणजे गेजेसची, एक्केचाळिसावी छोटी पेटी तेवढी बाहेर होती. तिला सील नव्हतं, साधं कुलूप होतं आणि किल्ली नोराकडे होती. मी कर्नलना म्हटलं, ही मसाल्याची हळद आहे, आम्ही रोज खातो. त्यांनी विचारलं, पुरावा? मी दोराखालून आत गेले, फटीतून बाहेर फळीवर आलेली पूड बोटाला घेतली आणि चाटली. दोन सैनिक मागे सरकले. कर्नल तसेच उभे होते, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग मी धुण्याचा सोडा मागितला. नोराने आणून दिला. बशीत हळद कालवली, वर सोड्याचं पाणी टाकलं. पिवळं होतं ते डोळ्यांदेखत लाल झालं. आपल्याकडे शाळकरी मुलीलाही हे माहीत असतं, पाटावर सांडलेल्या हळदीला साबण लागला की काय होतं ते. तिथे मात्र चार माणसं बशीभोवती वाकली. स्फोटक असं लाल होत नाही, हे कर्नलना रसायनाच्या अंगाने ठाऊक होतं. ते पहिल्यांदा हसले. हळद मोकळी झाली.

"आणि हे लाल?" त्यांनी कुंकवाकडे बोट केलं.

तिथे माझी पंचाईत झाली. खरं कुंकू हळदीचंच असतं. पण रंजनाचं कुंकू वारज्याच्या रस्त्यावरच्या ठेल्यावरचं, आणि त्यात काय रंग असतो ते करणाऱ्यालाही माहीत नसेल. मी सोडा टाकला, काही झालं नाही. कर्नल म्हणाले, प्रयोगशाळेत पाठवतो, दोन दिवस. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

नोराचं घर, बुधवार

बुधवारी करायला काही नव्हतं. सकाळी नोराबरोबर दोराबाहेर उभं राहून तिची कामाची रीत पाहिली. ती प्रत्येक वस्तू स्वतः मोजते आणि मग दुसऱ्याला मोजायला लावते. दोन्ही आकडे जुळले तरी तिसऱ्यांदा बघते. मी तिला बाकरवडी दिली. तिने एक खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, दुसरी घेतली. संध्याकाळी घरी चल म्हणाली, हुकूम दिल्यासारखी.

चौथा मजला, लिफ्ट नाही. दारात चपला काढायच्या, आपल्यासारखंच. टेबलावर पातळ भाकरीसारखा रोट, खारं चीज आणि हिरव्या पाल्याची जुडी. आपण कोथिंबीर भाजीवर पेरतो, ते पाल्याची काडी न् काडी भाजी म्हणूनच खातात. मग आलं कढीसारखं काहीतरी. घट्ट दह्यात शिजलेले गहू आणि वर सुका पुदिना. मला वाटलं होतं पहिला घास गिळणं अवघड जाईल. दोन वाट्या झाल्या. रोट मी पालथा ठेवला तर तिने न बोलता सुलटा केला. भाकरी पालथी ठेवणं त्यांच्यात अशुभ.

भिंतीवर शाळेतला मोठा नकाशा होता. तिचा नवरा भूगोलाचा शिक्षक, वय बावन्न. राखीव दलात असल्यामुळे वर्षापूर्वी त्याला परत बोलावलं आणि तरुणपणी तोफखान्यात होता म्हणून पुन्हा तोफखान्यातच धाडलं. नकाशावरची एक सीमा तेवढी पेन्सिलीने काढलेली होती. शाईने का नाही, असं मी विचारलं. तो म्हणतो शाई फुकट जाते, नोराने सांगितलं.

नवऱ्याची तुकडी त्याच पेन्सिलीच्या रेघेवर, एका खिंडीत होती. त्यांच्याकडे तोफा होत्या, गोळेही होते. फ्यूज संपले होते. गोळ्यांच्या नाकांवर प्लॅस्टिकची बुचं लावून ठेवली होती. पलीकडून मारा होतो तेव्हा आमची माणसं बुचांच्या गोळ्यांशेजारी बसून राहतात, असं ती म्हणाली. गेल्या गुरुवारी पेट्या उतरल्या तेव्हा तिने त्याला फोनवर सांगितलं होतं, रविवारपर्यंत पोचतील.

मी जेवत राहिले. गुरुवार का चुकला, हे तिला माहीत होतं; पहिली चिमूट कुणाची, हे नव्हतं. मी ते सांगितलं. मग तिने विचारलं की तुम्ही ते का लावता? माल नीट पोचावा म्हणून, मी म्हटलं. तिने मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं.

मला एक गोष्ट बोलायची होती, ती मी बोलले. म्हटलं, "खिंडीच्या पलीकडेही कुणी भूगोल शिकवणारा असेल."

"असेल," नोरा म्हणाली. "त्याच्याकडे फ्यूज आहेत."

मी पाल्याची काडी उचलून खाल्ली.

नंतर तिने तुतीची दारू काढली. मी चहा उचलला तर म्हणाली चहाने शुभेच्छा लागत नाहीत. म्हणून ओठ ओले केले. घसा सोलवटून निघाला. पहिले दोन पेले एकमेकांवर आपटून प्यायचे. तिसरा गेलेल्या माणसांसाठी, तो आपटायचा नाही. तिने विचारलं, तुझं कोणी? मी म्हटलं, नवरा, घरी, जेवताना, हृदय बंद पडलं. तिने पेला तसाच उचलला आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं. त्या लाल पुडीचं खरं काय असतं, ते तिने विचारलं.

मी सांगितलं ते असं: नवरा असलेल्या बाईने कपाळाला लावायचं. तो जिवंत राहावा म्हणून. तो गेला की लावायचं नाही. म्हणून मी लावत नाही.

रशियन मोडकं असलं की माणूस नियम तेवढा सांगतो, अपवाद गळतात.

नोरा उठली, जाकिटाच्या खिशातून कागद काढला. पेटीच्या फळीवरून झाडलेलं थोडं कुंकू तिने नमुना म्हणून ठेवलं होतं. वस्तू फेकणारी ती बाई नव्हतीच. हे मी ठेवू का, म्हणाली. मी कागद घेऊन नीट पुडी बांधून दिली, आपण बांधतो तशी, कोपरा आत खोचून. कपाळाला लावताना कर्नलांना दाखवू नकोस, असं सांगितलं. ती हसली. लावणार नाही, नुसती जवळ ठेवीन, म्हणाली.

निघताना डबा मागितला. ती म्हणाली, रिकामा कसा देऊ? आपल्याकडेही देत नाहीत. गच्चीत तिने जर्दाळू वाळत घातले होते, अजून ओलसर होते. उद्या भरून देते, म्हणाली.

गोदाम, गुरुवार

सकाळी अकराला प्रयोगशाळेचा कागद आला. कुंकवात हलक्या दर्जाचा कापडाचा रंग आहे. खाऊ नये, पण स्फोट होणार नाही. दोर सुटला. ट्रक बाहेर उभेच होते.

मी कर्नलना म्हटलं, कागद माझ्याकडे आहेत, माझी सही झालेली आहे, तुमची करा आणि माल न्या. ते म्हणाले, तीन वाजता. त्यांचे जनरल येणार होते, छायाचित्रकार येणार होता. मित्रदेशाचा पहिला माल म्हणून समारंभ ठरला होता. लोकांना धीर यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. चार तासांनी काय बिघडतं? गोदामाच्या दारावर दोन्ही देशांचे झेंडे लावण्यात आले. नोराने सपाता काढून बूट घातले होते.

सव्वा वाजता माथूर आले. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि काच वर केली. दिल्लीहून हुकूम होता. माल सुपूर्द करायचा नाही. ताबा झाला नसेल तर परत आणायचा.

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात. ह्या देशाचं ज्याच्याशी भांडण, त्याचा एक बडा दोस्त आहे. तो आपल्याला गॅस देतो. आपली लाखो माणसं त्याच्याकडे कामाला आहेत, ती पैसे घरी पाठवतात. त्याच्या राजदूताने दिल्लीत एक चहा घेतला. त्याच आठवड्यात पलीकडच्या बाजूची पडलेली शाळा टीव्हीवर दिसली आणि संसदेत प्रश्न आला. हे फ्यूज विकू द्या म्हणणाऱ्या पुढाऱ्यांच्या इकडे निवडणूक होऊन गेली होती, त्यांचा आवाज बसला होता. आणि आणखी एका मोठ्या देशाने विचारलं, तुमच्या फ्यूजमधला एक सुटा भाग आमचा आहे ना?

"म्हणजे निर्णय कुणी घेतला?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मॅडम, असे निर्णय कुणी घेत नाही. ते साचत जातात."

गेल्या गुरुवारी सही झाली असती तर, मी म्हटलं. ते म्हणाले, मग माल त्यांचा झाला असता आणि दिल्लीने खेद व्यक्त केला असता. खेदाला काही लागत नाही. मग म्हणाले, किंवा दुसरं काहीतरी निघालं असतं. ते माझं समाधान करत होते. मी त्यांना तसं करू नका म्हटलं.

कर्नलना मीच सांगितलं. माझ्या मालाचं होतं, मीच सांगायला हवं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि छायाचित्रकाराला परत पाठवायला सांगितलं. नोराने एकच विचारलं, "सगळे कागद झालेत ना? सगळं मोजलंय ना?" मी हो म्हटलं. ती पेट्यांकडे बघत होती. ट्रक तिथून चाळीस पावलांवर होते. आम्ही पेट्यांची पूजा केली आणि त्यांनी सहीचा समारंभ. दोन्ही मिळून आठवडा गेला, आणि एवढ्या मोठ्या जगाच्या गडबडीत तो आठवडाच फक्त आमच्या हातात होता.

रिकामे ट्रक निघाले तेव्हा झेंडे अजून तसेच होते. नोराने खुर्ची आणली, तिच्यावर चढली आणि भारताचा झेंडा उतरवला. घडी घातली, चार कोपरे जुळवून, आणि माझ्या हातात दिला. तिसऱ्यांदा तपासावं तसं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

शुक्रवारी मी निघाले. विमानतळावर ती आली नाही, मीही वाट पाहिली नाही. डबा राहिला. शनिवारी पहाटे पुण्यात उतरले. रिक्षावाल्याने कर्वेनगर म्हटल्यावर मान हलवली आणि दुप्पट मागितले. घरी आल्यासारखं वाटलं.

शिवणे, अडीच महिन्यांनंतर

पेट्या परत यायला अडीच महिने लागले; त्यातले बहुतेक दिवस त्या नोराच्या गोदामातच पडून होत्या. तेवढ्यात काय झालं ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आलं. खिंड पडली. पेन्सिलीची रेघ पुन्हा सरकली. नोराला फोन करू नये असं कंपनीने बजावलं होतं. मी दोनदा केला, लागला नाही.

पेट्या आल्या त्याच आठवड्यात काळेसाहेबांनी बोलावून घेतलं. ह्या वेळी टेबलापाशी आले नाहीत. नवीन गिऱ्हाईक मिळालं होतं. कुठलं, ते सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. ज्याच्या राजदूताने दिल्लीत चहा घेतला, तोच देश. परवानगी नऊ दिवसांत आली होती. ह्या वेळी कुठल्याच खात्याची हरकत नव्हती.

"तिथून पुढे ते कुणाला देतील, ह्याच्याशी आपला संबंध नाही," काळेसाहेब म्हणाले.

"तसं लिहून घेतलंय का?"

"घेतलंय."

"मग पाळतीलच," मी म्हटलं. काळेसाहेब वाईट माणूस नाहीत. ही मागणी गेली असती तर रंजनाची पूर्ण शिफ्ट बंद होणार होती, हे मलाही माहीत होतं.

पेट्या पुन्हा तपासायच्या होत्या. चाळीसही उघडल्या. फळ्यांच्या खाचांत हळदीची पिवळी रेघ राहिली होती, एक-दोन तांदूळही निघाले. ब्रशने साफ केलं. दारावर नवीन सूचना लावली होती, माझ्याच सहीची: पेटीत हळद, कुंकू, फुलं, अक्षता किंवा खाण्याची वस्तू आढळल्यास नष्ट करून नोंद करावी. रंजना हाताखाली मदतीला होती. दिवसभर ती त्या सूचनेकडे पाठ करून उभी होती.

गेजेसची पेटी सगळ्यांत शेवटी उघडली. कुलूप तेच होतं, किल्ली पाकिटात चिकटवून आली होती. वरच, वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा डबा. 'सौ. मंगल.' आत काठोकाठ जर्दाळू, वाळून गोड झालेले. जर्दाळूंवर एक पुडी, कोपरा आत खोचलेली. चिठ्ठी नव्हती.

पुडी मी उघडली नाही. माझ्या हातची बांधणी मला ओळखता येते.

रंजनाने विचारलं, "त्यांनी हे परत काऊन धाडलं जी?"

मी म्हटलं, "तिला आता लागणार नाही."

तिने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला समजलं. मी तिला जर्दाळू मोजायला लावले, म्हणजे दोघींना काहीतरी काम राहिलं.

मला एकच गोष्ट टोचते. राजदूताचा चहा माझ्या हातात नव्हता. पण नोराला नियम सांगितला तेव्हा पुढचं वाक्यही सांगायला हवं होतं, की तो आता आमच्याकडेही पुष्कळ जणी पाळत नाहीत. मी स्वतः, नवरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, चाळीसांतल्या पहिल्या पेटीला लावलं आहे. मग तिने पुडी परत केली नसती. निदान तेवढं तिच्याजवळ राहिलं असतं. मी मोडक्या भाषेत नियम सांगितला आणि ती नियम पाळणारी बाई होती.

सूचनेप्रमाणे जर्दाळू जाळायला हवे होते. ते मी जुळणीच्या बायकांना वाटले. त्यांनी बिया फोडून आतले गरही खाल्ले. नोंद केली नाही. पुडी पुन्हा डब्यात ठेवली आणि डबा घरी नेला.

तो भरून परत पाठवायला हवा. रीत दोन्हीकडची तीच आहे. कोथरूडच्या कुरियरवाल्याकडे गेले होते. त्याने संगणकावर पाहिलं आणि म्हणाला की त्या देशाला सध्या पार्सल जात नाही, दुसरीकडे कुठे पाठवायचं असेल तर सांगा.

गेल्या सोमवारी चाळीस पेट्या पुन्हा निघाल्या. सह्या माझ्याच आहेत. ह्या वेळी रंजनाने ताट आणलं नाही आणि मीही तिला विचारलं नाही. फळ्या कोरड्या आहेत, सील पक्कं आहे, कागद पुरे आहेत. वाटेत कुठे अडकण्याचं काही कारण नाही.